साडेचौतीस गुणांचा विजेता

रामदास उपासनींना गोल्फमधलं ओ का ठो कळत नव्हतं, हे खरं. पण तेवढ्यासाठी त्यांनी गोल्फच्या शिक्षकाची परीक्षा घेऊ नये, असं म्हणणारा माणूस पुण्यात नवाच आलेला असणार. रामदासराव वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू, वजनं आणि रॉकेलची मापं तपासण्यात गेला. "तराजू तपासायला भाजी विकता यावी लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खराडीच्या सोसायटीत राहायला आल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, म्हणून ते परीक्षक झाले. गणपतीतली रांगोळी असो, कोजागरीची गाणी असोत, बालदिनाचं वक्तृत्व असो, रामदासराव टेबलामागे आणि पुढ्यात गुणपत्रक. गुण अर्ध्या-अर्ध्याने देत आणि एकदा दिलेला निकाल फिरवत नसत. एका वर्षी पाककला स्पर्धेत त्यांनी एका पुरणपोळीला नापास केलं. ती करणाऱ्या बाई, म्हणजे त्यांची सख्खी पत्नी तनुजा, चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. निकाल तसाच राहिला. पोळीही नापासच राहिली, कारण पुढे त्यांच्या घरी पुरण शिजलंच नाही.

आता गोल्फ कुठून आलं? तर बिल्डरने माहितीपत्रकात 'गोल्फचं वातावरण' असं छापलं होतं. ते वातावरण म्हणजे सांडपाण्याच्या टाकीशेजारी हिरव्या जाळीचा एक पिंजरा आणि त्यात प्लॅस्टिकच्या गवताची सतरंजी. सहा वर्षं लोकांनी त्यात कुरडया आणि गोधड्या वाळवल्या. यंदा तेजस्विनी नावाची, आयटीत नोकरी करणारी मुलगी सोसायटीची सेक्रेटरी झाली आणि तिने तो पिंजरा वापरात आणायचं मनावर घेतलं. तिने शिक्षकही शोधला. रंगराव शिवले. लहानपणी श्रीमंतांच्या गोल्फच्या पिशव्या खांद्यावरून वाहायचे, वाहता वाहता बघून शिकले आणि पुढे तीन वेळा राज्याचे विजेते झाले. आता साठी उलटलेली, राहायला वाघोलीला. सोसायटीची डी विंग जिथे उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या चुलत्याचं ज्वारीचं रान होतं. पहिल्या दिवशी वॉचमनने त्यांच्यापुढे वही सरकवली तेव्हा 'कोठून आलात' या रकान्यात त्यांनी 'इथूनच' असं लिहिलं. वॉचमनने त्यांना पंधरा मिनिटं बाहेर उभं केलं.

तेजस्विनी रामदासरावांकडे आली. "काका, चार संडे ट्रायल ठेवलीय. तुम्ही जरा इव्हॅल्युएट कराल का? तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच अपॉइंट करू त्यांना. त्यांची फार इच्छा आहे हो. म्हणाले, खेळ संपला, आता कुणाला तरी देऊन जायचाय."

"अहवाल सकारात्मक येईल की नकारात्मक, हे आधी ठरवून मी परीक्षण करत नाही," रामदासराव म्हणाले.

"नाही नाही काका, तसं नाही."

"मग ठीक आहे."

झालं. रामदासरावांनी काम हाती घेतलं आणि पहिल्याच पायरीवर ठेच लागली. सोसायटीच्या आवारात पाटी होती: 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. कारण विचारू नये.' पाटी रामदासरावांनीच लिहिलेली. आली का पंचाईत? पाटी काढायची तर कार्यकारिणीचा ठराव हवा, ठरावाला सात दिवसांची नोटीस हवी, नोटीस लावायला फलक हवा आणि फलकाची किल्ली हरवलेली. शेवटी रामदासरावांनी स्वतःच तोड काढली. पाटीखाली दुसरी पाटी लागली: 'गोल्फचा चेंडू हा वरील सूचनेपुरता चेंडू समजू नये.'

खालच्या मजल्यावरचे मच्छिंद्र गायकवाड दोन्ही पाट्या वाचून वर आले. गायकवाड एसटीतून निवृत्त झालेले आणि दुसऱ्याच्या कामात सल्ला देण्याची त्यांना भारी हौस. "उपासनी, तुम्ही गोल्फ कधी बघितलंय का?"

"गायकवाड, तराजू तपासायला—"

"कळलं. भाजी. पण मी म्हणतो, निदान मोबाइलवर तरी बघा."

रामदासरावांनी अकरा चित्रफिती बघितल्या. पहिल्यात सांगितलं होतं, डोकं अजिबात हलवू नका. दुसरीत सांगितलं, डोकं ताठ ठेवणारे कधीच शिकत नाहीत. तिसऱ्यात एक गोरा माणूस कमरेला दोरी बांधून ओरडत होता. सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करून रामदासरावांनी आदर्श फटक्याचे सव्वीस नियम काढले आणि फुलस्केपवर लिहिले. गुणपत्रक मात्र त्यांनी नवं केलं नाही. बालदिनाच्या वक्तृत्व स्पर्धेचंच घेतलं, थोडे फेरफार केले. वेळेचे पालन, पोशाख, प्रस्तावना, भाषाशुद्धी, फळ्याचा वापर, साहित्य, शारीरिक कोन, शंकानिरसन, समारोप आणि परिणाम. प्रत्येकी दहा गुण. उत्तीर्ण व्हायला पस्तीस.

पहिल्या रविवारी तास सातचा होता. रंगराव सहा चाळीसलाच हजर. रामदासराव घड्याळाकडे बघून अस्वस्थ झाले. उशिरा आलेल्याचे गुण कापायचे हे ठरलेलं होतं. लवकर आलेल्याचं काय करायचं? पण खात्यात एक किलोचं वजन एक हजार दहा ग्रॅम भरलं तरी ते नापासच होतं. वेळेआधी येणं म्हणजे वेळेवर येणं नव्हे. अर्धा गुण गेला. साडेनऊ.

पिंजऱ्यात आठ जण जमले होते. पाच बायका, तीन पुरुष, बायकांत तनुजाताई आणि तेजस्विनीही. रामदासराव जाळीबाहेर टेबल-खुर्ची टाकून, ओळंबा आणि कोनमापक घेऊन बसले. आता माजी विजेता काय मोलाचं बोलतो म्हणून त्यांनी पेन उघडलं.

रंगराव म्हणाले, "बादल्या आना."

एवढीच प्रस्तावना. शून्य.

बादल्या आल्या. रंगरावांनी त्या अर्ध्या भरायला लावल्या. "हां, आता अंगनात सडा टाकतो तसं टाका बगू. निस्त्या हातानं न्हाय. कंबरेपासनं अंग फिरू द्या, बादली मागनं येऊ द्या."

तरुण पुरुष एकमेकांकडे बघू लागले. त्यातल्या दोघांनी सडा हा शब्द पुस्तकात वाचला होता. तनुजाताईंचं माहेर कराडजवळचं. लग्न होईपर्यंत रोज पहाटे त्यांनी अंगणात सडा टाकलेला. त्यांनी पदर खोचला, बादली मागे नेली आणि असं पाणी फेकलं की ते जाळीतून आरपार जाऊन अर्धं रामदासरावांच्या गुणपत्रकावर पडलं.

"झालं की. ह्योच तुमचा स्विंग," रंगराव म्हणाले. "आता बादलीच्या जागी ही काठी धरा."

तनुजाताईंनी काठी धरली, फिरवली, आणि चेंडू टक् करून जाळीच्या मधोमध बसला. बाकीच्या चारही बायकांनी टाळ्या वाजवल्या. रामदासरावांनी ओला कागद झटकला आणि 'साहित्य' या रकान्यात लिहिलं: 'बादली हे गोल्फचे साहित्य नव्हे.' शून्य.

दुसऱ्या रविवारपर्यंत सोसायटी पेटली होती. आठवड्याला टँकरने पाणी आणणाऱ्या सोसायटीत बादल्यांनी सडे टाकायचे म्हणजे काय? सी विंगने सह्यांचं निवेदन दिलं, त्याची एक प्रत परीक्षकांना माहितीसाठी. रंगरावांनी निवेदन शांतपणे ऐकून घेतलं आणि बादल्या रिकाम्या आणायला लावल्या. "समजा, पानी हाय," ते म्हणाले. खराडीच्या लोकांना हे समजायला वेळ लागला नाही, नळाखाली ते रोज हेच करत होते.

त्या दिवशी रामदासरावांनी शारीरिक कोन तपासले. रंगराव काठी मागे घेऊन उभे असताना त्यांनी कोपराला कोनमापक लावलं.

"शिवले, आपला डावा कोपर एकशे अडुसष्ट अंशांत आहे."

"आसंल."

"तो एकशे ऐंशी हवा. नियम क्रमांक नऊ."

रंगरावांनी फटका मारला. चेंडू कुठे गेला हे कळायच्या आत जाळी थरथरली. "चेंडू गेला का न्हाय, सायेब?"

"गेला."

"मंग?"

"प्रश्न चेंडूचा नाही," रामदासराव म्हणाले.

 रंगरावांनी जन्मात गोल्फबद्दल पुष्कळ ऐकलं होतं, हे मात्र पहिल्यांदाच. रामदासरावांनी शंकानिरसनाला दोन गुण लिहिले, तेही उपस्थितीबद्दल.

चार रविवार झाले. आठच्या आठ जण चेंडू मारू लागले. परिणामाचे दहापैकी दहा गुण रामदासरावांनी प्रामाणिकपणे दिले, कारण ते प्रामाणिक होतेच. दुर्दैवाने परिणाम हा दहापैकी एकच रकाना होता. भाषाशुद्धीला दोन, शारीरिक कोनांना तीन. फळा वापरलाच नाही, शून्य. पोशाखाला चार, कारण टोपी होती पण उलटी. समारोपाला चार, कारण शेवटच्या दिवशी रंगराव "बरं, चला" एवढं बोलून निघाले. रामदासरावांनी बेरीज केली. पुन्हा केली. मग खालून वर केली. साडेचौतीस.

जेवताना तनुजाताईंना कळलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तीन वेळा राज्याचा विजेता झालेल्या माणसाला तुम्ही नापास केलंत?"

"त्या वेळचे परीक्षक वेगळे होते."

"अर्ध्या गुणाने?"

"अर्धा गुण हाही गुणच असतो."

"तो माणूस लवकर आला म्हणून कापलाय ना हा अर्धा गुण? मी बघितलंय तुमचं गुणपत्रक. मीच भिजवलं होतं ते." तनुजाताई उठल्या. "अहो, साठीनंतर मला एक गोष्ट पहिल्या झटक्यात जमली. ती तुमच्या डोळ्यांदेखत जमली. तुम्ही खाली मान घालून लिहीत होता."

रामदासरावांना हे लागलं. पण लागलं म्हणून निकाल फिरवला तर उद्या रांगोळीवाले उभे राहतील, परवा पुरणपोळीवाले. आणि पुरणपोळीवाले घरातच होते.

अकरा पानी अहवाल सभेत वाचला गेला. सहाव्या पानाला दोघे उठून गेले. तेजस्विनी म्हणाली, "काका, रिपोर्ट खूपच डिटेल्ड आहे. पण आठपैकी आठ लोक बॉल मारतायत."

"चुकीच्या पद्धतीने मारतायत," रामदासराव म्हणाले. "बरोबर पद्धत परिशिष्टात दिली आहे. सव्वीस नियम."

मागच्या खुर्चीवरून गायकवाड खाकरले. "मग असं करा ना. परिशिष्टाप्रमाणे येत्या रविवारी तुम्हीच एकदा मारून दाखवा. शिवल्यांनाही बोलवा. त्यांनाही शिकायला मिळेल."

सभा आनंदाने हो म्हणाली. पुण्यात सभा इतक्या पटकन कधी हो म्हणत नाही, तिथेच रामदासरावांनी ओळखायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण ते म्हणाले, "अवश्य."

आठवडाभर त्यांनी घरातच सराव केला, छत्री घेऊन. मंगळवारी नियम क्रमांक चौदाप्रमाणे छत्री मागे नेताना ती पडद्याच्या दांडीत अडकली. नियम पंधरा पाळून त्यांनी ती जोरात पुढे आणली, तेव्हा छत्रीबरोबर दांडी, पडदा आणि भिंतीचं थोडं प्लास्टर असं सगळंच पुढे आलं. पडद्याखालून बाहेर पडेपर्यंत फोन वाजत होता. खालून गायकवाड बोलत होते. "उपासनी, पाडकाम काढलंत का? दुपारी दोन ते चार पाडकामाला बंदी आहे. तुमचाच नियम आहे, म्हणून आठवण केली." तनुजाताईंनी पडदा उचलला, घडी घातली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी पिंजऱ्याभोवती सतरंज्या पडल्या. कुणी तरी पोहे केले होते. ज्यांनी गेल्या पाच वर्षांत एकाही वार्षिक सभेला तोंड दाखवलं नव्हतं तेही घरच्या खुर्च्या घेऊन आले. रंगराव कोपऱ्यात उभे होते. रामदासरावांकडे काठी नव्हती, तेव्हा त्यांनीच आपल्या पिशवीतली एक काढून दिली. लाकडी डोक्याची, जुनी, मुठीचं चामडं काळं पडलेली. "पहिल्या येळेला जिंकलो तवाची हाय. जपून," एवढंच म्हणाले.

रामदासरावांनी सव्वीस नियम खिशात ठेवले होते, ते काढून एकदा मोठ्याने वाचले. गुडघे वाकवले, कोपर एकशे ऐंशी अंशांत नेला, डोकं स्थिर केलं आणि काठी फिरवली. चेंडू जिथे होता तिथेच राहिला. दुसऱ्यांदा त्यांनी जोर वाढवला. प्लॅस्टिकची सतरंजी गुंडाळली जाऊन त्यांच्या पायांत आली आणि चेंडू सतरंजीवरून घरंगळत उलट दिशेला, पोह्यांच्या पातेल्याकडे गेला. कुणी हसलं नाही. पुणेकर हसले तर परवडतं. ते "पोहे गार होतायत" असं म्हणाले. तिसऱ्यांदा रामदासरावांनी डोळे मिटून जिवाच्या आकांताने काठी फिरवली. हात वर गेले आणि रिकामेच खाली आले. काठी जाळीच्या वरून गेली आणि शेजारच्या सांडपाण्याच्या टाकीत डुबुक् करून पडली.

 रंगराव टाकीपाशी गेले, बांबू मागून घेतला आणि वाकून बराच वेळ ढवळत राहिले. काठी निघाली. त्यांनी ती नळाखाली धुतली, स्वतःच्या सदऱ्याला पुसली, मुठीचं सुटलेलं चामडं बोटाने दाबून बसवलं. रामदासरावांना तिकडे बघवेना.  आपण खूप मोठी चूक केली आहे हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं, अगदी शिक्का मारण्याइतकं स्वच्छ.

तेजस्विनी हळूच जवळ आली. "काका, फक्त हाफ मार्काचा प्रश्न आहे. देऊन टाका ना. कुणीच काही म्हणणार नाही."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. तनुजाताईही. फक्त 'पस्तीस' एवढं म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आलाही. पण खुर्च्यांच्या दुसऱ्या रांगेत गायकवाड पोह्यांचा चमचा तोंडाशी धरून थांबले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून रामदासरावांचं नाक आपोआप वर गेलं.

"निकाल अंतिम आहे," ते म्हणाले.

"बरं सायेब, येतो," रंगराव म्हणाले, पिशवी उचलली, वॉचमनच्या वहीत जाण्याची वेळ लिहिली आणि गेले.

पुढच्या रविवारपासून पिंजऱ्यात पुन्हा गोधड्या आल्या. तनुजाताई आणि इतर चार जणी दर रविवारी सकाळी साडेसहाला वाघोलीची बस पकडून जायला लागल्या. रंगरावांच्या घरामागे मोकळी जागा होती. बायका नऊ वाजता परत यायच्या, मोठमोठ्याने हसत, उन्हाने लाल झालेल्या. रामदासराव स्वतःचा चहा स्वतः करायला शिकले. त्या चहाला त्यांनी मनातल्या मनात तीन गुण दिले. कोजागरीला परीक्षक म्हणून तेजस्विनीने बाहेरचा माणूस बोलावला. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, कुणी भांडलं नाही. फक्त कुणी काही तपासायला आणून देईना.

महिना असा काढल्यावर एका बुधवारी, बायकांचा दिवस नाही हे कॅलेंडरवर दोनदा बघून, रामदासराव वाघोलीला गेले. रंगरावांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, ओट्यावर सतरंजी टाकली, चहा दिला. रंगराव मागून आले, हातात खुरपं. रामदासरावांनी पाठ केलेलं सगळं भाषण विसरून खिशातून एक कागद काढला. मूळ गुणपत्रक. वेळेच्या रकान्यात साडेनऊ खोडून दहा केले होते, बेरजेत पस्तीस केले होते आणि दोन्ही खाडाखोडींवर बारीक सही होती.

रंगरावांनी कागद लांब धरून वाचला. "म्हंजी पास झालो म्हना."

"हो."

"ह्ये सोसायटीत दावायचं?"

"नाही," रामदासराव जमिनीकडे बघत म्हणाले. "हे आपल्यापुरतं."

रंगरावांनी कागदाची घडी करून यमुनाबाईंकडे दिली. त्यांनी ती डळमळणाऱ्या पाण्याच्या पिंपाखाली सारली. पिंप टेकलं.

"शिवले," रामदासराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला, "मला ते जमत नाही हो. सव्वीस नियम पाठ आहेत. एकही चेंडू जात नाही. घरात बायको मारते, सेक्रेटरी मारते. मला एकदा तरी तो टक् आवाज ऐकायचाय. माझ्या हातून."

 रंगरावांनी अर्धी बादली भरून पुढे ठेवली. रामदासरावांनी सडा टाकला. पहिला स्वतःच्याच पायांवर, दुसरा तुळशीवर, आठवा बऱ्यापैकी लांब. नवव्यानंतर रंगरावांनी बादली काढून तीच जुनी काठी त्यांच्या हातात दिली. "कागद इसरा. सडा टाका." रामदासरावांनी सडा टाकला. टक्. चेंडू बांधापलीकडे जाऊन बाभळीखाली पडला. रामदासराव बघतच राहिले. डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. असं सुख त्यांना शिक्के मारण्यात कधी मिळालं नव्हतं.

"मी दर बुधवारी आलो तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"या की. पन एक अट हाय. माज्याकडं शिकताय ह्ये भाइर कुनाला बोलायचं न्हाय."

रामदासरावांच्या मनावरचा मोठा भार उतरला. नेमकं हेच कसं सुचवावं म्हणून ते बसमध्ये आठ थांबे विचार करत आले होते. "अगदी माझ्या मनातलं बोललात," ते घाईने म्हणाले. "परीक्षकाने शिकायला जाणं बरं दिसत नाही. शेवटी माझ्या नावाचा प्रश्न आहे."

"तुमच्या न्हाय वो सायेब, माज्या," रंगराव म्हणाले. "तुमचा स्विंग बगून लोक इचारतील, कुनाकडं शिकला म्हनून."

 रामदासरावांनी रिकामी बादली उचलली आणि नळाकडे गेले.